किराणा दुकानासाठी स्प्रिंग बूट : नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शन

तुम्ही नागपूरजवळच्या कन्हानचे आहात, हातात इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहावर पहिली फुंकर मारतानाच विचारतो, "मग, सध्या काय करून राहिला?" अभिनंदन. एंटरप्राइझ जावा डेव्हलपर होण्यासाठी लागणारी मुख्य पात्रता, म्हणजे या प्रश्नाला द्यायला उत्तर नसणं, तुमच्यापाशी आहे. पदवी रामटेकच्या कॉलेजची असो की हिंगणा रोडवरच्या, मेकॅनिकलची असो की सिव्हिलची, काही अडत नाही. जावा येत नसेल तरी चालेल. किंबहुना येत नसेल तर जास्त बरं. कारण पुढे कळेल.

या मार्गदर्शनाप्रमाणे पावलं टाकलीत तर तुमच्या हातून एक संपूर्ण एंटरप्राइझ ॲप्लिकेशन तयार होईल. ते चालेल का, हा प्रश्न प्रगत अभ्यासक्रमात येतो.

साहित्य : आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट, एक प्लास्टिकची खुर्ची आणि बाबा. बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले असतील तर उत्तम, कारण पहिलं वर्ष त्यांच्या पेन्शनवर चालणार आहे.

पायरी १ : आधी इतिहास घोका

मुलाखतीत कोड लिहायला सांगतीलच असं नाही, पण "व्हाय स्प्रिंग?" हे विचारतातच. तेव्हा एवढं पाठ हवं.

डिसेंबर १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मोठ्या कंपन्यांसाठी जे-टू-ईई नावाचा थाट मांडला. त्यातलं ईजेबी हे प्रकरण असं होतं, की एक साधं काम करायचं तर एक होम इंटरफेस, एक रिमोट इंटरफेस, खुद्द बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलचा डिस्क्रिप्टर लिहावा लागे. क्लासमध्ये ईजेबीॲक्टिव्हेट, ईजेबीपॅसिव्हेट अशा मेथड सक्तीच्या. बहुतेक लोक त्या रिकाम्या ठेवून पुढे जात. रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला ते सहन होईना. २००२मध्ये त्यांनी 'एक्सपर्ट वन-ऑन-वन जे-टू-ईई डिझाइन अँड डेव्हलपमेंट' हे जाडजूड पुस्तक लिहिलं आणि सोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड दिला. यूर्गन होलर आणि यान कारोफ या वाचकांनी गळ घातली, की हा कोड सर्वांसाठी खुला करा. नाव कारोफ यांनी सुचवलं : जे-टू-ईईच्या हिवाळ्यानंतर येणारा वसंत, म्हणून स्प्रिंग. जून २००३मध्ये तो अपाचे परवान्याखाली बाहेर आला आणि मार्च २००४मध्ये १.० आवृत्ती निघाली. वजनाला हलकी, वापरायला सुटसुटीत चौकट (फ्रेमवर्क), अशी तिची ख्याती झाली.

(विदर्भातल्या वाचकांसाठी सूचना : आपल्याकडे हिवाळा संपला की थेट कूलर काढतात. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.)

ईजेबीचं एक्सएमएल घालवायला आलेल्या स्प्रिंगचं स्वतःचं एक्सएमएल थोड्याच वर्षांत हजारो ओळींवर गेलं. ते घालवायला २००७च्या २.५ आवृत्तीत ॲनोटेशनं आली. ॲनोटेशनं आणि त्यांच्या जोडण्याही आवरेनात, तेव्हा एप्रिल २०१४मध्ये स्प्रिंग बूट आलं. म्हणजे जावा सोपं करायला स्प्रिंग, स्प्रिंग सोपं करायला बूट, आणि बूट सोपं करायला आता सीताबर्डीत क्लासेस आहेत.

मधल्या काळात स्प्रिंगमागची कंपनी २००९मध्ये व्हीएमवेअरने घेतली, २०१३मध्ये ती पिव्होटलकडे गेली, २०१९मध्ये पिव्होटलसकट व्हीएमवेअरकडे परत आली आणि २०२३मध्ये व्हीएमवेअरसकट ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. कोड खुला असल्यामुळे आपल्याला कोणी काही विचारलं नाही. मुलाखतीत मात्र हे सांगू नका. समोरच्यालाही माहीत नसतं आणि तो नाराज होतो.

पायरी २ : जावा शिकायच्या फंदात पडू नका

क्लासच्या माहितीपत्रकात जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस, अँग्युलर, डॉकर, कुबरनेटिस आणि 'सॉफ्ट स्किल' अशी यादी असते आणि हे सगळं काही महिन्यांत बसवायचं असतं. कुठंतरी कात्री लावावी लागते. ती जावावर लावा. इंटरफेस, एक्सेप्शन, थ्रेड, इक्वल्स आणि हॅशकोड हे विषय पहिल्याच आठवड्यात उरका आणि शंका आली की एकच वाक्य म्हणा : "ते स्प्रिंग बघून घेतं."

यात एक बारीक अडचण आहे, ती सांगून ठेवतो. स्प्रिंगची बीन, काही वेगळं सांगितलं नाही तर, अख्ख्या ॲप्लिकेशनमध्ये एकच असते. शंभर लोकांनी एकाच वेळी विनंती पाठवली तरी शंभरांना तोच एक ऑब्जेक्ट उत्तर देतो. तुम्ही त्याच्या एखाद्या फील्डमध्ये 'चालू ग्राहकाचं नाव' जपून ठेवलंत, तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं छान चालेल, कारण तिथे ग्राहक तुम्ही एकटेच असता. खऱ्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत मंगेशचं तेल सुरेशच्या खात्यावर पडेल. असं का झालं ते समजायला थ्रेड शिकावे लागतात, आणि ते आपण उरकून टाकले आहेत. तेव्हा सुरेशला समजावून सांगा.

पायरी ३ : सगळ्या चौकटींवर टिक करा

स्टार्ट डॉट स्प्रिंग डॉट आयओ या ठिकाणी जा. तिथे प्रोजेक्टमध्ये काय काय हवं ते विचारतात. वेब, जेपीए, सिक्युरिटी, कॅश, ॲक्च्युएटर, काफ्का. काय लागेल सांगता येत नाही, म्हणून सगळं घ्या. पहिल्या बिल्डला मेव्हन तुमच्या वतीने इंटरनेटवरून जार फाइली आणायला निघेल. अर्ध्या वाटेत हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा संपेल. घाबरू नका, आईचा मोबाईल मागा.

सिक्युरिटीवर टिक केल्यामुळे तुमच्या ॲप्लिकेशनचं प्रत्येक पान लगेच कुलूपबंद होईल. युजरनेम 'युजर' असतं आणि पासवर्ड स्प्रिंग दर वेळी नवा बनवून लॉगमध्ये छापतं. लॉग वाचायची सवय नसल्याने तुम्ही संध्याकाळपर्यंत स्वतःच्याच ॲप्लिकेशनच्या दारात उभे राहाल. शेवटी सिक्युरिटी काढून टाका. सगळेच काढतात. मग बायोडेटात 'स्प्रिंग सिक्युरिटी : प्रत्यक्ष अनुभव' असं लिहा.

सगळं नीट बसलं की ब्राउझरमध्ये 'नमस्कार कन्हान' अशी एक ओळ उमटेल. ती छापणारी जार फाइल निदान वीसेक एमबीची तरी असते, आणि तिच्या पोटात टॉमकॅट हा अख्खा वेब सर्व्हर बसलेला असतो. हलकी चौकट ती हीच.

पायरी ४ : ॲनोटेशनं लावा, कमी पडली तर आणखी लावा

क्लासच्या डोक्यावर @स्प्रिंगबूटॲप्लिकेशन लावा. या एकात तीन ॲनोटेशनं दडलेली आहेत. ती कोणती, हे मुलाखतीत विचारतात, म्हणून नावं पाठ करा. काय करतात ते राहू द्या. बाकीच्या क्लासवर @कंपोनंट, @सर्व्हिस, @रिपॉझिटरी यांतलं जे सुचेल ते लावा. चाललं तर बरोबर होतं.

एका क्लासला दुसरा हवा असेल तर फील्डवर @ऑटोवायर्ड लिहा. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. हे नाव मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४मध्ये रूढ केलं. कल्पना खरोखर साधी आणि चांगली आहे : आपल्याला लागणारी वस्तू आपण बनवायची नाही, बाहेरून कोणीतरी हातात द्यायची. त्यासाठी जावाचा साधा कन्स्ट्रक्टर पुरतो. स्प्रिंगचे कर्तेही कित्येक वर्षं सांगत आहेत, की फील्डवर लावू नका, कन्स्ट्रक्टरमधून घ्या. २०१६च्या ४.३ आवृत्तीपासून कन्स्ट्रक्टर एकच असेल तर @ऑटोवायर्ड लिहायचीही गरज उरली नाही. तरी तुम्ही फील्डवरच लिहा. कन्स्ट्रक्टर लिहिला तर त्यात एकाखाली एक अशा चौदा वस्तू दिसतात आणि आपला क्लास फार कामं करतो हे उघड होतं. फील्डवर विखुरल्या की कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

अ ला ब हवा आणि ब ला अ हवा, असं होईलच. नोव्हेंबर २०२१च्या बूट २.६ आवृत्तीपासून अशा वेळी ॲप्लिकेशन सुरूच व्हायला नकार देतं आणि लॉगमध्ये बाण काढून सुंदर चौकोनी चित्र दाखवतं. चित्राकडे बघत बसू नका. 'अलाऊ सर्क्युलर रेफरन्सेस'समोर ट्रू लिहा आणि जेवून घ्या.

पायरी ५ : प्रोजेक्टचा विषय निवडा

'एम्प्लॉयी मॅनेजमेंट सिस्टिम' नको. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बेरोजगार मुलाकडे एम्प्लॉयी सांभाळण्याची एक सिस्टिम आहे. आपण कन्हानचा अस्सल विषय घेऊ : तारसा रोडवरच्या एखाद्या किराणा दुकानाची उधारीची वही. दुकान चालवणारे काकाजी तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, नाही म्हणणार नाहीत. त्यांची वही लाल कापडाची, लांबट. 'मंगेश, तेल, ४०' एवढी ओळ लिहायला त्यांना पाच सेकंद लागतात.

ही ओळ एंटरप्राइझ पद्धतीने लिहायची तर तिला थर लागतात. नागपूरला जाताना कामठी रोडवर गड्डीगोदामपाशी मान वर करून बघा : खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर हायवेचा उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. तुमच्या ॲप्लिकेशनचीही रचना तशीच, वरपासून कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी आणि तळाला डेटाबेस. फरक एवढाच, की गड्डीगोदामला चार मजल्यांवरून चार वेगवेगळ्या गोष्टी जातात. तुमच्याकडे चारही मजल्यांवरून मंगेशचे चाळीस रुपयेच जाणार आहेत, फक्त दर मजल्यावर कपडे बदलून. कंट्रोलरमध्ये ते 'उधारीरिक्वेस्टडीटीओ' असतील, सर्व्हिसमध्ये 'उधारीमॉडेल', रिपॉझिटरीत 'उधारीएंटिटी' आणि परत वर येताना 'उधारीरिस्पॉन्सडीटीओ'. एकातून दुसऱ्यात ओतायला 'उधारीमॅपर' लिहा. सर्व्हिसला आधी एक इंटरफेस लिहा आणि मग तोच 'उधारीसर्व्हिसइम्प्ल' या नावाने पुन्हा लिहा. दुसरं इम्प्लिमेंटेशन कधीही येणार नाही, पण आलं तर आपली तयारी हवी.

नावं लांब ठेवायला कचरू नका. खुद्द स्प्रिंगमध्ये 'ॲब्स्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन' नावाचा क्लास आहे, आणि तो थट्टेने लिहिलेला नाही.

अशा रीतीने काकाजींच्या एका ओळीच्या जागी तुमच्याकडे अकरा फाइली तयार होतील. गेटर-सेटर टंकायचा कंटाळा आला तर लॉम्बॉक घाला. त्या फाइलींमध्ये मग काहीच दिसणार नाही, पण फाइली राहतील.

पायरी ६ : डेटाबेस

एच-टू वापरा. बसवावा लागत नाही, मेमरीतच उघडतो, आणि शिकवणारे सगळे हाच वापरतात. मेमरीतला डेटाबेस ॲप्लिकेशन बंद झालं की स्वतःबरोबर सगळे टेबल घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत परत येतो. तपासणीसाठी तो तसाच बनवला आहे. हे वाक्य व्हिडिओत शेवटी कुठंतरी असतं आणि तोवर आपण व्हिडिओ बंद केलेला असतो.

परिणाम काय होईल, तर तारसा रोडवर रोज रात्री लॅपटॉप बंद होताच सगळ्या गावाची उधारी माफ होईल. ग्राहकांकडून तक्रार येणार नाही. काकाजींकडून येईल.

"बाबू, कालची उधारी दिसून नाही राहिली."

"काकाजी, ते मेमरीत होतं."

"माह्या मेमरीत तं अजूनही आहे. तुह्यावालीच गेली काय बे?"

इथे खचू नका. ग्राहकाच्या अशा प्रतिक्रियेला 'रिक्वायरमेंटमध्ये बदल' म्हणतात. एच-टू काढून मायएसक्यूएल घाला आणि डीडीएल-ऑटोपुढे 'क्रिएट' लिहा. आता टेबल डिस्कवर असतील आणि तरीही ॲप्लिकेशन सुरू होताना दर वेळी पाडून नव्याने बांधले जातील. पहिल्यापेक्षा ही व्यवस्था पक्की आहे.

यादी दाखवायच्या वेळी, जेपीएबरोबर आलेलं हायबरनेट आपली कामगिरी दाखवेल. शंभर ग्राहक आणि प्रत्येकाची उधारी दाखवायची, तर एक क्वेरी ग्राहकांसाठी आणि मग प्रत्येक ग्राहकामागे एक, अशा एकशे एक क्वेऱ्या डेटाबेसकडे जातील. याला एन अधिक एक म्हणतात. एका जॉइनमध्ये होणारं काम आहे, पण त्यासाठी एसक्यूएल यावं लागतं, आणि एसक्यूएल लिहावं लागू नये म्हणून तर आपण हायबरनेट घेतलं होतं. काकाजी वहीचं पान उलटून मोकळे झालेले असतील.

पायरी ७ : व्यवहार सुरक्षित करा

मंगेशने ५०० रुपये आणून दिले. आता दोन कामं : त्याच्या खात्यातून ५०० कमी करायचे आणि गल्ल्यात ५०० जमा करायचे. एक झालं आणि दुसरं व्हायच्या आत लाइन गेली तर? (कन्हानात 'तर' म्हणायची पद्धत नाही, 'गेली की' म्हणतात.) म्हणून मेथडवर @ट्रान्झॅक्शनल लावा. झाली तर दोन्ही कामं, नाहीतर एकही नाही, अशी हमी मिळते.

हमीच्या अटी मात्र वाचायच्या नाहीत. वाचल्या तर असं कळतं, की हे ॲनोटेशन स्वतः काही करत नाही. स्प्रिंग तुमच्या बीनपुढे प्रॉक्सी नावाचा एक मध्यस्थ उभा करतं आणि ट्रान्झॅक्शन तो मध्यस्थ उघडतो, तोच मिटवतो. बाहेरून आलेली हाक त्याच्यामार्फत जाते. पण त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला आतल्या आत हाक मारली, तर मध्यस्थाला पत्ता नसतो आणि ट्रान्झॅक्शन उघडतच नाही. ॲनोटेशन जागच्या जागी, कोड नीट, लाल रेघ कुठंच नाही.

दुसरी अट याहून गमतीची. रोलबॅक आपोआप होतो तो रनटाइम एक्सेप्शन आणि एररवर. आयओएक्सेप्शनसारखं चेक्ड प्रकरण मेथडबाहेर पडलं, तर स्प्रिंग तोवर झालेलं काम पक्कं करून टाकतं. समजा, तुम्ही आधी उधारी कमी केली, मग पावतीची फाइल लिहायला घेतली, ती लिहिताना आयओएक्सेप्शन आलं आणि गल्ल्यातली नोंद राहून गेली. उधारी गेली ती गेलीच. हे टाळायला 'रोलबॅकफॉर' असा पर्याय आहे, आणि तो वापरायला चेक्ड आणि अनचेक्ड एक्सेप्शनमधला फरक यावा लागतो. तो पायरी दोनमध्ये होता.

मंगेश तुमच्यावर फार खूश राहील. त्याला पहिला 'समाधानी ग्राहक' म्हणून बायोडेटात घ्या.

पायरी ८ : आता हे सगळं फोडा

इथवर तुमचं ॲप्लिकेशन एकाच जागी, एकाच तुकड्यात होतं. अशा ॲप्लिकेशनला मोनोलिथ म्हणतात आणि ते चारचौघांत सांगत नाहीत. त्याच्या मायक्रोसर्व्हिसेस करा : ग्राहक-सर्व्हिस, उधारी-सर्व्हिस, गल्ला-सर्व्हिस, सामान-सर्व्हिस, निरोप-सर्व्हिस. यांनी एकमेकांना शोधावं म्हणून युरेका, सेटिंगं एका जागी ठेवायला कॉन्फिग सर्व्हर, दारात उभा राहायला गेटवे आणि निरोप पोचवायला काफ्का. एक सर्व्हिस पडली तर बाकीच्यांनी तिच्या नादी लागू नये म्हणून सर्किट ब्रेकरही हवा. क्लासच्या नोट्समध्ये त्यासाठी नेटफ्लिक्सचं हिस्ट्रिक्स दिलेलं असेल. नेटफ्लिक्सने २०१८मध्येच त्याचं नवं काम थांबवलं, पण नोट्सचं काम चालू आहे.

यांतली प्रत्येक सर्व्हिस स्वतंत्र जेव्हीएम घेऊन बसते आणि प्रत्येकीला काहीशे एमबी मेमरी लागते. आठ जीबीचा लॅपटॉप पंख्याचा असा आवाज करेल, की आई आतून विचारेल, "मिक्सर कोणं लावला?" लाइन गेली आणि आली, की आधी कॉन्फिग सर्व्हर, मग युरेका, मग बाकीच्या, अशा क्रमाने सगळ्यांना उठवा. तोवर पाच गिऱ्हाइकं सामान घेऊन गेलेली असतात आणि काकाजींनी ती वहीत लिहिलेली असतात.

हे सगळं निरुपयोगी आहे असं म्हणायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या यंत्रणेच्या पोटात जावा आहे, स्प्रिंग आहे, निरोपांच्या रांगा आहेत, एकमेकांपासून सुट्या ठेवलेल्या सेवा आहेत. शंभर कोटींवर माणसांची नोंद ठेवायची, रोज कोट्यवधींनी पडताळणी करायची, तर या प्रत्येक थराला काम असतं. काकाजींचे उधारीवाले चाळीस आहेत. त्यांतले तीन पैसे देत नाहीत, आणि त्यांची नावं काकाजींना पाठ आहेत.

पायरी ९ : एरर आल्यास

येईलच. स्क्रीनवर दोनेकशे ओळी लाल होतील. पहिली ओळ वाचा, कपाळावर हात मारा आणि खिडकी बंद करा. मूळ कारण बहुधा अगदी खाली, शेवटच्या 'कॉज्ड बाय'समोर लिहिलेलं असतं. पण तिथवर जाणारा माणूस नवशिक्या राहत नाही आणि हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे.

'पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे' असं आलं तर ते तुम्हीच सकाळपासून वापरत आहात. लॅपटॉप बंद-चालू करा.

'जावाएक्स' सापडत नाही असं आलं तर तुम्ही २०१९चा व्हिडिओ आणि आजची आवृत्ती एकत्र घेतली आहे. ओरॅकलने एंटरप्राइझ जावा एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं, पण 'जावाएक्स' हे पॅकेजचं नाव पुढे वापरू दिलं नाही. म्हणून त्याचं 'जकार्ता' झालं, आणि नोव्हेंबर २०२२च्या स्प्रिंग बूट ३ने ते सक्तीचं केलं. जगभरातल्या लोकांनी फाइलींच्या डोक्यावरचा एक शब्द खोडून दुसरा लिहिला आणि त्या कामाला 'मायग्रेशन प्रोजेक्ट' म्हणून बिलं लावली. तुम्हीही बायोडेटात लावा.

बाकी कोणतीही एरर एआयला चिकटवा. तो एक ॲनोटेशन सुचवेल. ते लावा. नवी एरर येईल. तीही चिकटवा.

पायरी १० : मुलाखत

टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल मिहानमध्ये आहेत, पर्सिस्टंट गायत्रीनगरच्या आयटी पार्कात. म्हणजे सगळं नागपूरच्या पलीकडच्या टोकाला. ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंत मेट्रो आणायला डिसेंबर २०२२मध्ये मंजुरी मिळाली आहे. ती गाडी दारात येईपर्यंत ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत बसने या आणि तिथून खापरीपर्यंत मेट्रोत बसा. वेळ भरपूर मिळतो, त्यात पुढचं पाठ करा :

'बीनफॅक्टरी आणि ॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट यांत फरक काय?' तीन मुद्दे सांगा. विचारणाऱ्याने आयुष्यात बीनफॅक्टरी थेट वापरलेली नसते.

'हॅशमॅप आतून कसा चालतो?' बकेट, लिंक्ड लिस्ट, जावा ८पासून ट्री. इथवर थांबा. इक्वल्स आणि हॅशकोडबद्दल विचारलं तर खोकला काढा.

'प्रोजेक्टमध्ये तुमचा रोल काय होता?' या प्रश्नाला 'मी एकट्याने सगळं केलं' असं खरं उत्तर देऊ नका. एकट्याने केलेल्या कामाला एंटरप्राइझ म्हणत नाहीत. टीममध्ये होतो म्हणा. काकाजींना 'प्रॉडक्ट ओनर' म्हणा. तसे ते आहेतच.

'फ्रेशर हवा, किमान दोन वर्षांचा अनुभव' अशी जाहिरात दिसली तर दचकू नका. ती दोन वर्षं भरून देणारे लोक शहरात भेटतात. कागद देतात, पगाराच्या पावत्या देतात, पैसे घेतात. त्या वाटेला जाऊ नका. हे एवढंच वाक्य या मार्गदर्शनात थट्टेचं नाही. पार्श्वभूमी तपासणीत कागद उघडा पडतो आणि हातची नोकरी जाते.

निवड झाली की बहुधा पुण्याला जावं लागेल. पहिल्याच दिवशी तुमच्यापुढे एक ॲप्लिकेशन ठेवतील. त्यात स्प्रिंगची फार जुनी आवृत्ती असेल, हजारो ओळींचं एक्सएमएल असेल, लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलेला असेल. तुमचं काम एका बटणाचा रंग बदलण्याचं असेल, आणि तो बदल पाच थरांतून खाली उतरवावा लागेल. तेव्हा जावा लागेल. ज्यांनी ते कॉलेजातच धरून ठेवलं होतं, त्यांना संध्याकाळी लवकर घरी जाता येतं.

आता लॅपटॉप उघडा. काकाजींना वही इतक्यात मोडीत काढू देऊ नका. स्प्रिंग बूटची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, एक मेमध्ये आणि एक नोव्हेंबरमध्ये, आणि प्रत्येकीला फुकटचा आधार साधारण वर्षभरच मिळतो. मेमधली येते तेव्हा कन्हानात पारा पंचेचाळीसपाशी असतो, तेव्हा अपग्रेड करायचंच असेल तर सकाळी सातच्या आत उरकून घ्या.